पावसाळ्यातलं ताट आणि प्रोस्टेट

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, वही भरायला सांगितली. तीन दिवस, चोवीस तास. डाव्या पानावर पोटात जाणारं सगळं पातळ: पाणी, चहा, ताक, कढी, सार, पेज. उजव्या पानावर लघवी, किती वाजता आणि किती मिली. त्यासाठी चिपळूणच्या बाजारातून प्लॅस्टिकचा मापाचा मग घेतला आणि न्हाणीत खुंटीला अडकवून ठेवला. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळे वेळेसकट नोंद ठेवायची सवय जुनी. प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीच्या, त्रासात काय खावं, काय टाळावं यावर मला वाडीतल्या आणि वाडीबाहेरच्या माणसांनी पुष्कळ सांगितलं. त्यातलं जे खरोखर कामाला आलं ते जवळजवळ सगळं त्या वहीतून निघालं. म्हणून इतक्या तपशिलात लिहितो आहे.

मी गुहागर तालुक्यातला, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीतला. वय पासष्टीच्या पुढे. साठीनंतर धार बारीक होत गेली. सुरू व्हायला वेळ लागे, मध्येच थांबे, झाली म्हणून वळावं तर पुन्हा थेंब. दिवसा हे सगळं निभावून नेता येतं, रात्री नाही. आमचं घर जुनं, चिरेबंदी. संडास आणि न्हाणी परसात. मागच्या पडवीतून उतरून पोफळींमधल्या पाखाडीने जायचं, आणि पावसात त्या चिऱ्यांवर शेवाळ असं धरतं की अनवाणी पायसुद्धा ठरत नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅटरी, वर माडाच्या झावळ्यांचा आवाज, आणि हे एका रात्रीत पुन्हा पुन्हा. मी परत येऊन कडी लावीपर्यंत बायको जागी. तिची झोप माझ्याइतकीच मोडलेली. एका पहाटे तीच म्हणाली, "अहो, गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जाता, दातासाठी जाता, मग याचंच काय? उद्या पाखाडीवर पडलात तर मी एकटी उचलणार आहे का तुम्हाला?"

आमच्याकडे पुरुष या विषयावर बोलत नाहीत. रक्तदाब आणि साखर यांची चर्चा देवळाच्या पायरीवर उघड होते, पण हा विषय निघाला की "वय झालं, चालायचंच" म्हणून सगळे गप्प. वय झालं हे खरंच आहे. पन्नाशी-साठीतल्या साधारण निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांची. पण म्हणून तपासून घ्यायचंच नाही, हे मला पटत नाही.

तपासण्या चिपळूणला झाल्या. मार्गताम्हाण्यावरून एसटीने जाताना दोन तास लघवी धरायची म्हणून मी निघताना चहा घेत नसे, एवढं सगळं वेळापत्रक या त्रासाभोवती फिरत होतं. डॉक्टरांनी आधी एक छापील कागद भरून घेतला. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण: लघवी पूर्ण झाली नाही असं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, थांबून थांबून होते का, घाई होते का, धार कमजोर आहे का, जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. माझे आले १८. शिवाय एक आठवा प्रश्न होता: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? त्या प्रश्नावर मी पेन बराच वेळ तसंच धरून बसलो होतो.

मग सोनोग्राफी, पोट भरून पाणी पिऊन आणि नंतर लघवी करून पुन्हा, म्हणजे लघवीच्या पिशवीत मागे किती उरतं ते कळतं. माझ्या पिशवीत साठ मिलीच्या आसपास उरत होतं. धारेचा वेग मोजायचं एक यंत्र असतं, नरसाळ्यासारखं, त्यात लघवी करायची. सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग चांगला, १० च्या खाली म्हणजे वाटेत अडथळा असण्याची शक्यता जास्त. मला ९ आले. मात्र पिशवीत निदान दीडशे मिली असल्याशिवाय ही तपासणी धरत नाहीत, म्हणून बाहेर बाकावर पाणी पीत बसावं लागतं. बोटाने गुदद्वारातून तपासणी झाली, ती एका मिनिटाची गोष्ट आहे, तिला घाबरून कुणी घरी बसू नये. रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन, तपासलं. साधारणपणे चारच्या आत असलं तर ठीक मानतात, पण वयाप्रमाणे आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघतात. लघवीला जंतुसंसर्ग असला तरी हा आकडा चढतो, म्हणून लघवीही तपासली. माझं दोनच्या आसपास निघालं.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या पोटातून जाते. तरुणपणी ती सोललेल्या मोठ्या सुपारीएवढी, वीस-पंचवीस ग्रॅमची. माझी चाळीसच्या पुढे गेलेली. ग्रंथी वाढणं म्हणजे कर्करोग नव्हे, आणि वाढल्यामुळे कर्करोग होतो असंही नाही. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात आणि दोन्हींचा सुरुवातीचा त्रास वेगळा ओळखू येत नाही. म्हणूनच आहाराचा आणि पुरवण्यांचा (सप्लिमेंटच्या गोळ्यांचा) विचार या तपासण्यांच्या नंतर करायचा, आधी नाही. नोकरीत तासन्‌तास लघवी धरून बसलो त्याने हे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. वय आणि पुरुष संप्रेरकं ही मुख्य कारणं.

आता वही. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी ती उघडली आणि कॅल्क्युलेटर घेऊन रात्रीचे आकडे वेगळे काढले. दिवसभराची लघवी दोन लिटरच्या आत, म्हणजे वाजवी. पण जवळजवळ निम्मी रात्री झोपल्यापासून पहाटे उठेपर्यंतची. पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त गेला तर मुळात रात्री लघवी जास्त तयार होते आहे असं धरतात. ते म्हणाले, "काका, धार अडवते ती प्रोस्टेट. पण लघवी तयार करतात मूत्रपिंडं. रात्री एवढी तयार का होते, ते तुमच्या ताटात बघू." घोरता का, दम लागतो का, साखर आहे का, हे विचारून झालं. मग त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळी तशीच राहिली. पायांवर थोडी सूज होती आणि ती मी कधी पाहिलीच नव्हती, लेंग्याखाली कोण बघतो.

दिवसभर उभं राहून, बसून पायात पाणी साठतं. आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. जास्त मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि त्याचाही निचरा रात्री होतो. नागासाकीच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये याबद्दल एक अभ्यास मांडला होता. जास्त मीठ खाणाऱ्या आणि झोप मोडणाऱ्या तीनशेहून जास्त लोकांना मीठ कमी करायला सांगितलं. ज्यांचं मीठ दिवसाला सुमारे ११ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं त्यांचं रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. ज्यांचं मीठ वाढलं त्यांचं उठणंही वाढलं. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं मिळून.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं पावसाळ्यातलं ताट आलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजी मासळी नाही, भाजीपाला महाग, त्यामुळे उन्हाळ्यात बरण्यांत आणि डब्यांत भरून ठेवलेलं सगळं याच दिवसांत बाहेर निघतं. खारा बांगडा, मिठातल्या कैऱ्या, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, लोणचं, खारातले गरे. यातलं एक तरी रोज, बहुधा दोन-तीन, आणि तेही रात्रीच्या जेवणात, कारण बाहेर धो धो पाऊस असताना नुसत्या भाताबरोबर असं काहीतरी चटकदार हवंच. वर थंडावा, घाम नाही, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला लघवीची एकच वाट. माझा त्रास दर वर्षी पावसाळ्यात का वाढतो हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. मला वाटे हवेचा परिणाम.

सुकी मासळी सोडणं आमच्या घरात कुणाला जमलं नसतं, आणि तशी गरजही नव्हती. बोंबील आणि जवळा बहुतेक नुसत्या उन्हावर वाळवलेले असतात, मीठ लावून मुरवतात ते खारे बांगडे, खारी सुरमई. बायकोने तिथेच फरक केला. बोंबील, जवळा ठेवला. खारा बांगडा क्वचित, आणि तो करायचा असेल तर सकाळपासून गार पाण्यात. पहिलं पाणी तासाभराने ओतलं की ते गढूळ आणि जिभेला समुद्राच्या पाण्याइतकं खारट लागतं. दुसरं पाणी, तिसरं पाणी. शेवटी शेपटीकडचा तुकडा मोडून ती तोंडात टाकून बघते आणि मग कांदा, कोकम, तिरफळ घालून कालवण, त्यात वरून मीठ अजिबात नाही. भातात आणि भाकरीत मीठ घालणं बंद केलं. पापड भाजलेला, आणि तो दुपारी. लोणच्याची बरणी रात्री शिंक्यावरून खाली उतरतच नाही. पहिले काही दिवस जेवण सपक लागलं हे खरं, पण जीभ लवकर शिकते. आंबटाने मिठाची उणीव बरीच भरून निघते, आणि आंबटाला आमच्याकडे तोटा नाही. कोकम आहे, कैरी आहे, बिंबल आहे.

दुसरी गोष्ट पातळ पदार्थांची. पाणी कमी प्यायचं नाही, त्याने लघवी दाट होऊन जळजळते आणि संसर्गाचा धोका वाढतो. फक्त वेळ बदलायची. माझ्या वहीत संध्याकाळी पाचनंतर चहा होता, देवळात भजनाला गेलो की तिथे आणखी एक, जेवणात सोलकढीची वाटी, आणि अंगात कणकण वाटली की रात्री भाताऐवजी मऊ पेज. पेज म्हणजे बहुतांशी पाणीच, वर मीठ. पेज आता न्याहारीला आली, तिची जुनी जागा तीच होती. सोलकढी दुपारी. चहा चारच्या आधी संपवायचा, कारण चहा लघवी वाढवतो आणि पिशवीला घाईही लावतो. संध्याकाळी सातनंतर गोळी घेण्यापुरतं पाणी. दुपारी जेवून झालं की पाय उशीवर उंच ठेवून तासभर पडायचं, म्हणजे पायातलं पाणी दिवसाच निघून जातं. झोपण्याआधी लघवी करून दोन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा करायची. घाई न करता बसून केली तर पिशवी जास्त रिकामी होते, हा माझा अनुभव.

बद्धकोष्ठाबद्दलही डॉक्टर बोलले. आतडं भरलेलं राहिलं की पिशवीवर दाब येतो आणि लघवी करताना कुंथावं लागतं. नाचणीची भाकरी रोजची झाली, कुळथाचं पिठलं आठवड्यातून दोन-तीनदा, आणि पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या टाकळा-भारंगीपासून परसातल्या लाल माठापर्यंत जी मिळेल ती पालेभाजी.

आता प्रोस्टेटसाठी म्हणून जे पदार्थ सांगितले जातात त्यांचं. तांबड्या भोपळ्याच्या बियांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्या मांडवावर भोपळे होतातच. घारगे करायला भोपळा चिरला की बिया निघतात, त्यातल्या निवडक राखेत घोळवून पुढच्या पेरणीला ठेवतो आणि बाकीच्या आधी फेकून देत होतो. त्या आता धुऊन सुपात वाळतात. वाळलेली बी दोन बोटांत उभी धरून कडेला नखाने दाबली की पांढरं कवच चिरतं आणि आतला हिरवट चपटा गर सुटा होतो. मंद आचेवर तव्यात फक्त तडतडेपर्यंत भाजायचा, मीठ न लावता. जर्मनीत हजाराहून अधिक पुरुषांना वर्षभर रोज दहा ग्रॅम बिया, किंवा बियांच्या अर्काची कॅप्सूल, किंवा औषध नसलेली फसवी गोळी देऊन २०१५ मध्ये निष्कर्ष छापले होते. कॅप्सूल फसव्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. बिया खाणाऱ्यांचे त्रासाचे गुण थोडे जास्त कमी झाले. फार मोठा फरक नाही, पण बिया घरच्या आहेत, पौष्टिक आहेत, मी खातो.

टोमॅटो शिजवून थोड्या तेलात परतला की त्यातलं लायकोपीन, म्हणजे लाल रंग देणारं द्रव्य, अंगी चांगलं लागतं. त्याचा प्रोस्टेटला ठरावीक फायदा होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, म्हणून टोमॅटोचं सार मी आवडीने खातो, औषध म्हणून नाही. कलिंगडातही ते असतं, पण कलिंगड म्हणजे पाणी, ते सकाळी. बंदी उठली की बांगडा, तारली, मांदेली ताजी. कालवात, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांत, जस्त भरपूर असतं आणि प्रोस्टेटच्या पेशींतही जस्त जास्त असतं, एवढ्यावरून लोक जस्ताच्या गोळ्या खातात. कालवं खावीत, गोळ्यांचा मोठा डोस आपल्या मनाने घेऊ नये. मटण आमच्याकडे तसंही सणावारी. प्रोस्टेटच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीतल्या चार हजारांहून जास्त पुरुषांचा आहार तपासला होता, त्यात रोज लाल मांस आणि जास्त चरबी खाणाऱ्यांना वाढीचा त्रास जास्त दिसला, भरपूर भाज्या खाणाऱ्यांना कमी. अँटिऑक्सिडंट म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी मात्र फरक पडला नव्हता.

गोळ्यांवरून आठवलं. माझ्या तपासण्या चालू असतानाच डोंबिवलीहून पुतण्याने एक बाटली पाठवली. महाग होती, प्रेमाने पाठवलेली होती. "काका, पूर्ण नैसर्गिक आहे, काही अपाय नाही." वर सॉ पाल्मेटो, झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई, लायकोपीन अशी नावं. मागे भिंगातून वाचावी लागणारी एक ओळ: औषध म्हणून वापरासाठी नाही. अशा पुरवण्या आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली येतात, औषधाच्या नाही, आणि हे वाक्य छापणं त्यांना बंधनकारक आहे. बाटलीचं बूच न उघडता मी ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी आधी एकच विचारलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. नव्हती. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि न चिडता सांगितलं याचं मला बरं वाटलं. सॉ पाल्मेटो हे फ्लोरिडाकडचं बुटकं ताडासारखं झाड, आमच्या माड-पोफळींच्याच कुळातलं. त्याच्या फळांचा अर्क. २००६ मध्ये अमेरिकेत सव्वादोनशे पुरुषांवर वर्षभर केलेल्या चाचणीत तो आणि फसवी गोळी यांत काही फरक आढळला नाही. अर्क कमी पडला असेल म्हणून पुढे २०११ मधल्या दुसऱ्या चाचणीत तिप्पट डोसपर्यंत गेले, तरी तेच. सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई यांची गोष्ट जास्त गंभीर आहे. प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून २००१ मध्ये पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी सुरू झाली, २००८ मध्ये फायदा नाही म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. रोजचं ४०० युनिट. अन्नातून येणाऱ्या व्हिटॅमिन ईबद्दल हे नाही, गोळीतल्या मोठ्या डोसबद्दल आहे. 'नैसर्गिक' या शब्दाखाली हे सगळं एका बाटलीत बसतं आणि ज्याच्या हातात ती जाते त्याला कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे. पुतण्याला फोनवर सगळं सांगितलं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट त्याच्या ऑफिसात कोण कोण हे घेतंय ते सांगायला लागला.

आपल्याकडची औषधंही आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. गावातल्या वैद्य ताईंकडे मी तपासण्यांची फाईल घेऊनच गेलो. गोखरू म्हणजे आपले सराटे, पुनर्नवा म्हणजे घेटुळी, आणि वरुण म्हणजे वायवर्णा. वायवर्ण्याची कोवळी पानं पावसाच्या तोंडावर आम्ही भाजी करून खातो, साल मूत्रविकारांवर आणि खड्यावर वापरायची असं सुश्रुतापासून चालत आलं आहे. वैद्य ताई म्हणाल्या, "भाजी खा, बिनधास्त खा. काढा देईन, पण तुमच्या डॉक्टरांना सांगून, आणि लघवी किती उरते ते पुन्हा मोजणार असाल तरच." रक्तदाबाची गोळी मला चालू आहे म्हणून चंद्रप्रभा वटी त्यांनी दिली नाही, तिच्यात क्षार आणि सैंधव आहे म्हणाल्या. बाजारातून नाव ऐकून भस्मं आणि गुग्गुळ आणणाऱ्यांना असं सांगणारं कुणी भेटत नाही.

या ताटाच्या बदलांवर डॉक्टरांनी मला आधी काही आठवडे ठेवलं. पायाची सूज उतरली. रात्रीच्या खेपा निम्म्याहून कमी झाल्या, बायको सलग झोपायला लागली. पण यंत्रावर धार तशीच, बारीक. मीठ कमी करून नळीवरचा दाब कमी होत नाही. तेव्हा टॅमसुलोसिन ०.४ मिलीग्रॅम सुरू झाली, रोज जेवणानंतर एक. ही गोळी ग्रंथी लहान करत नाही, तिच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंना सैल करते. थोड्याच दिवसांत धार मोकळी झाली, पुढच्या मोजणीत वेग १३ वर आला आणि कागदावरचे गुण नऊ. गोळी घेऊन झटकन उठलं तर चक्कर येते, म्हणून अंथरुणात आधी बसायचं, मग उठायचं. संबंधांच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाऊ शकतं, त्यात धोका नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराइडसारखी दुसरी औषधं असतात. ती घेणाऱ्यांचं पीएसए सहा महिने-वर्षात जवळजवळ निम्मं दिसतं, तेव्हा तपासणीच्या वेळी गोळीचं नाव सांगितलंच पाहिजे, नाहीतर आकडा फसवा.

एक गोष्ट मात्र आमच्याकडच्या प्रत्येक पासष्टीच्या माणसाने ऐकावी. आमच्या नात्यातल्या एका भाऊंना, त्यांचीही प्रोस्टेट वाढलेली, श्रावणात सर्दी झाली. दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतली. रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट नगाऱ्यासारखं, घाम, नुसती तगमग. भर पावसात रिक्षाने नेऊन नळी घालावी लागली, ती घातल्यावर मिनिटाभरात माणूस शांत झाला. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलएफ्रिन किंवा क्लोरफेनिरामाइन असतं. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं पिशवीचं आकुंचन मंदावतं. पावसाळ्यात सर्दी होणारच, तेव्हा दुकानदाराला आधी सांगायचं की प्रोस्टेटचा त्रास आहे. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वाफ यांवर भागवतो. आणि लघवी पूर्ण बंद झाली, लघवीतून रक्त दिसलं किंवा थंडी वाजून ताप आला तर कुठलाही काढा उकळत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

वर्षातून एकदा पीएसए आणि सोनोग्राफी करायची आहे, मधे काही वाटलं तर आधी. यंदा जून लागायच्या आधी बायकोने खाऱ्या बांगड्याऐवजी बोंबील जास्त भरून ठेवले. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आहे. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, गोळी आयत्या वेळी बंद करूनही उपयोग नसतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं असतं. मी सांगितलं. त्यांनी माझ्या फाईलवर लाल शाईने गोळीचं नाव लिहिलं आणि दिवाळीनंतरची तारीख दिली.